गळ्यातील नळी : अतिदक्षता विभागातील अपघातग्रस्त आणि ट्रॅकिओस्टॉमीची सुरक्षितता

गळ्याच्या पुढच्या बाजूने, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या कड्याच्या आसपास छिद्र करून त्यातून थेट नळी बसवणे म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी. प्रौढ माणसाची श्वासनलिका जेमतेम १० ते १२ सेंटीमीटर लांब. तिला चिकटून मागे अन्ननलिका, दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या, पुढे थायरॉइड ग्रंथी आणि खाली छातीच्या तोंडाशी आडवी जाणारी इनॉमिनेट धमनी. एवढ्या दाटीच्या जागी करायचे हे काम सरावलेल्या हाताला पंधरा-वीस मिनिटांचे असते. नळी मात्र त्यानंतर कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने गळ्यात राहते. ट्रॅकिओस्टॉमीच्या सुरक्षिततेबद्दलचे बरेचसे लेखन त्या वीस मिनिटांभोवती फिरते. रुग्ण दगावतात ते पुष्कळदा नंतरच्या दिवसांत, रात्रपाळीत, वॉर्डात किंवा घरी. प्रस्तुत पुस्तकाचा भर म्हणूनच या नंतरच्या काळावर आहे.

अपघातग्रस्ताला ही नळी का लागते? डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध झालेल्या माणसाला स्वतःची लाळ, उलटी, रक्त सांभाळता येत नाही. जीभ मागे पडते. मानेच्या मणक्यात मज्जारज्जूला इजा झाली की श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. बरगड्या अनेक ठिकाणी मोडल्या तर छातीचा तेवढा भाग श्वासागणिक उलटा हलतो. जबडा आणि चेहऱ्याची हाडे चुरली असतील तर तोंडावाटे नळी घालायला वाटच उरत नाही. सुरुवातीला बहुतेकांना तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतात. ही नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. ती सोसवत नाही म्हणून झोपेची औषधे द्यावी लागतात. त्या औषधांमुळे मेंदूची स्थिती नीट कळत नाही, खोकला दबतो, तोंडाची स्वच्छता अवघड होते आणि दिवस जातील तसे स्वरयंत्र सोलवटत जाते. ट्रॅकिओस्टॉमीने यातले बरेच सुटते. औषधे कमी करता येतात, रुग्णाला बसवता येते, व्हेंटिलेटर थोडा थोडा वेळ काढून पाहता येतो. त्या बदल्यात हवा गाळून, कोमट आणि ओलसर करून आत पाठवण्याचे नाकाचे काम थांबते, आवाज जातो आणि रुग्णाचा जीव एका नळीच्या मोकळेपणावर येऊन ठेपतो.

ही शस्त्रक्रिया फार जुनी आहे, पण अनेक शतके वैद्यांनी तिला हात लावायचे टाळले. इटलीत अँटोनियो मुसा ब्रासावोला याने १५४६ मध्ये गळ्याच्या गळवाने गुदमरणाऱ्या रुग्णावर ती यशस्वी केल्याची नोंद आहे. १७९९ मध्ये घसा सुजून जॉर्ज वॉशिंग्टन गुदमरत होते, तेव्हा त्यांच्या तीन वैद्यांपैकी सर्वांत तरुण असलेल्या एलिशा डिक याने श्वासनलिका उघडण्याचा सल्ला दिला. ज्येष्ठांनी तो मानला नाही. चित्र बदलले ते घटसर्पामुळे. फ्रान्समध्ये ब्रेतोनो याने १८२५ मध्ये घटसर्पाच्या एका मुलीला या मार्गाने वाचवले, आणि त्याचा शिष्य त्रुसो याने पुढे दोनशे रुग्णांचा अनुभव नोंदवला. त्यातले सुमारे चतुर्थांश जगले. आज हा आकडा दारुण वाटतो, पण त्या काळी हे सगळेच्या सगळे रुग्ण गेल्यात जमा धरले जात.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शेव्हालिए जॅक्सन यांनी शस्त्रक्रियेची पद्धत पायरी पायरीने बांधून दिली आणि मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. १९२१ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की फार वर, स्वरयंत्राला लागून छिद्र घेतले की पुढे तिथे व्रण आवळत जाऊन मार्ग बंद होतो. छिद्र कुठे घ्यायचे याचा आजचा नियम मूळचा त्यांचाच.

अतिदक्षता विभागाचा जन्मच एका अर्थाने ट्रॅकिओस्टॉमीतून झाला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास लुळा पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. पुढचे काही महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसून अशा पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. श्वासाच्या रुग्णांना एका जागी ठेवून, प्रत्येकापाशी चोवीस तास माणूस नेमण्याची कल्पना तिथून आली. महाराष्ट्रात तिचा खरा कस धनुर्वातात लागला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर केलेले काम या संदर्भात मोलाचे आहे. आचके येणाऱ्या रुग्णाला ट्रॅकिओस्टॉमी करून आठवडेच्या आठवडे सांभाळायचे, ही शिस्त आपल्याकडे त्या खाटांवर घडली.

पुढच्या काळात दोन गोष्टी बदलल्या. नळीभोवतीची फट बंद करणारा, नळीवरचा फुगा सुधारला. पूर्वीचे छोटे, ताठ फुगे श्वासनलिकेच्या अस्तराला इतके दाबत, की तिथला रक्तपुरवठा तुटून भिंत सडे आणि पुढे नलिका आवळे. मोठ्या, सैल फुग्यांनी हा त्रास कमी केला, मात्र दाब मोजला तरच. पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटर एवढा दाब पुरेसा असतो. बोटाने चाचपून ठरवलेला दाब बहुधा जास्तच निघतो. दुसरा बदल म्हणजे शस्त्रक्रिया ऑपरेशन थिएटरमधून खाटेपाशी आली. १९८५ मध्ये पास्क्वाले सियाग्लिया यांनी सुई, तार आणि चढत्या आकाराचे डायलेटर वापरून त्वचेतूनच छिद्र रुंदावण्याची रीत मांडली. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रिग्ज यांनी तारेवरून सरकणारा फोर्सेप आणला. तो धातूचा असल्याने निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतो. खर्चाची धास्ती असलेल्या रुग्णालयांना ही बाब लहान नाही. सियाग्लियांच्या अनेक डायलेटरांच्या जागी पुढे एकच निमुळता डायलेटर आला, आणि आज बहुतेक ठिकाणी तोच दिसतो.

यातून जे वाद उभे राहिले, त्यांतला पहिला सर्जन विरुद्ध इंटेन्सिव्हिस्ट असा होता: उघडी शस्त्रक्रिया बरी की त्वचेतून केलेली? हा वाद आता बराचसा निवाला आहे. त्वचेतून केलेल्या पद्धतीत जखमेचा संसर्ग कमी होतो, मृत्यूंमध्ये फरक दिसत नाही. मान आखूड आणि जाड, थायरॉइड वाढलेले, रक्त गोठण्यात दोष, शरीररचना हाताला न लागणारी, अशा रुग्णांत उघडी शस्त्रक्रिया अजूनही सुरक्षित. दुसरा वाद दिसण्याचा आहे: सुई श्वासनलिकेत मधोमध शिरली की नाही, हे कशाने पाहायचे? ब्रॉन्कोस्कोपने आतून दिसते, अल्ट्रासाउंडने बाहेरून मधली रक्तवाहिनी आणि कड्यांची पातळी कळते. ब्राझीलमध्ये ११८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्ट्रासाउंड ब्रॉन्कोस्कोपच्या तोडीस तोड ठरले. जिल्हा पातळीवर ब्रॉन्कोस्कोप क्वचित असतो, सोनोग्राफीचे यंत्र बहुतेक ठिकाणी असते. त्यामुळे या निष्कर्षाचे महत्त्व आपल्याकडे अधिक.

तिसरा वाद वेळेचा: लवकर करावी की थांबावे? ब्रिटनमधील ट्रॅकमॅन चाचणीत (२०१३) ९०९ रुग्णांची चार दिवसांच्या आत आणि दहा दिवसांनंतर अशी विभागणी केली गेली. तीस दिवसांतील मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखे, ३१ टक्क्यांच्या आसपास. त्याहून बोलका आकडा वेगळाच आहे. ज्यांची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली, त्यांच्यातल्या निम्म्याहून कमी रुग्णांनाच ती शेवटी करावी लागली. बाकीचे त्याआधीच सुधारले किंवा गेले. कोणाला दीर्घकाळ व्हेंटिलेटर लागेल याचा अंदाज अनुभवी डॉक्टरांनाही धड बांधता येत नाही, हे यातून उघड झाले. अपघातग्रस्तांपुरते मत थोडे निराळे आहे. मेंदूला गंभीर इजा झालेल्यांत, किंवा मज्जारज्जू मानेत वर तुटलेल्यांत, लांबचा मुक्काम पहिल्या काही दिवसांतच दिसू लागतो आणि लवकर केलेल्या ट्रॅकिओस्टॉमीने व्हेंटिलेटरचे दिवस घटतात असे अनेकांचे मत. जीव वाचण्यात मात्र फरक दिसत नाही. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेने २०२० मध्ये प्रौढांच्या ट्रॅकिओस्टॉमीबद्दल तज्ज्ञगटाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. भारतीय डॉक्टरांसाठी त्या आजचा पाया आहेत.

या सगळ्या वादांत सुरक्षिततेचा प्रश्न बराच काळ कडेला राहिला. त्याला मध्यभागी आणले ते २०११ च्या ब्रिटिश राष्ट्रीय पाहणीने. भूल आणि अतिदक्षता यांतील श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटना देशभरातून गोळा केल्यावर दिसले, की अतिदक्षता विभागात मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला सर्वांत जास्त कारणीभूत होत होती ती जागेवरून सरकलेली ट्रॅकिओस्टॉमीची नळी. बहुतेक मृत्यूंत श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ वापरला गेला नव्हता. तो वापरला असता तर नळी हवेच्या वाटेत आहे की मानेच्या मांसात, हे तत्काळ कळले असते. त्यानंतर तिथे दोन साध्या गोष्टी रूढ झाल्या: नळी बंद पडली किंवा निसटली तर काय करायचे याचा एका पानाचा क्रम, आणि प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक फलक. शस्त्रक्रियेची तारीख, पद्धत, नळीचा आकार, आणि हा रुग्ण तोंडावाटे पुन्हा नळी घालण्यासारखा आहे की अवघड, एवढे त्या फलकावर लिहिलेले असते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेतले मृत्यू विरळ आहेत. त्वचेतून केलेल्या ट्रॅकिओस्टॉमीनंतरच्या ७१ प्रसिद्ध मृत्यूंचा आढावा २०१३ मध्ये घेतला गेला, तेव्हा प्रमाण हजारात दोनपेक्षाही कमी आढळले. सर्वांत मोठे कारण रक्तस्राव, त्याखालोखाल श्वसनमार्ग हातातून जाणे. अपघातग्रस्तात मात्र काही जोखमी वाढतात. मान मागे वाकवली की श्वासनलिका पुढे येते आणि काम सोपे होते, पण मानेचा मणका दुखावला असेल तर मान वाकवायचीच नसते. डोक्यात दाब वाढलेल्या रुग्णाला आडवे झोपवून, ब्रॉन्कोस्कोप नळीत घालून श्वास अडवला की कार्बन डायऑक्साइड चढतो आणि मेंदूवरचा दाब आणखी वाढतो. म्हणून मेंदू शांत होईपर्यंत थांबणे कधी कधी हिताचे. मानेचा मणका पुढून प्लेट लावून बसवला असेल तर जखमेचा संसर्ग प्लेटपर्यंत पोहोचण्याची भीती. शिवाय रक्त पुष्कळ गेलेले, बिंबाणू घसरलेले. पन्नास हजारांच्या खाली असतील तर आधी ते सावरायचे.

आता नळीचे पुढचे दिवस. त्वचेतून केलेल्या छिद्राचा मार्ग पक्का व्हायला सात ते दहा दिवस लागतात, उघड्या शस्त्रक्रियेत दोन ते चार. त्याआधी नळी निसटली तर मार्ग मिटतो, आणि घाईघाईने तीच नळी आत रेटली की ती श्वासनलिकेच्या पुढे, छातीच्या वरच्या पोकळीत शिरते. बाहेरून सगळे ठीक दिसते; पिशवी दाबली की मान फुगत जाते. अशा वेळी छिद्र गॉजने झाकून तोंडावरून ऑक्सिजन द्यायचा आणि तोंडावाटे नळी घालायची, हे आधी ठरलेले हवे. दुसरा धोका नळीत साचून वाळलेल्या स्रावाचा. मुख्य नळीच्या आत बसणारी आतली नळी काढून धुता येते ती यासाठीच. ती कितीदा धुवायची हे स्रावाच्या दाटपणावरून ठरते, ड्युटीच्या सोयीने नव्हे. तिसरा धोका दुर्मीळ पण भयानक आहे. नळीचे टोक किंवा फुगा इनॉमिनेट धमनीला घासत राहिला की बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत ती फुटते. अनेकांना आदल्या दिवशी नळीतून थोडे ताजे रक्त येते आणि थांबते. ते सक्शनने खरचटल्याचे समजून सोडून दिले, की पुढचा रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेतो. त्या वेळी फुगा पूर्ण फुगवायचा, तरीही थांबले नाही तर छिद्रातून बोट घालून धमनी छातीच्या हाडाच्या मागच्या बाजूवर दाबून धरायची आणि बोट न काढता थेट थिएटर गाठायचे.

चौथा धोका सुधारणाऱ्या रुग्णाचा. रुग्ण बोलावा म्हणून नळीवर स्पीकिंग व्हॉल्व्ह लावतात. त्यातून श्वास आत येतो, बाहेर मात्र स्वरयंत्रातून जावा लागतो. फुगा फुगलेलाच ठेवून तो व्हॉल्व्ह बसवला की बाहेर जाणारा श्वास कोंडतो. अशा चुका हुशारीच्या अभावी होत नाहीत. बदली सिस्टरला आधीच्या पाळीतून काय सांगितले गेले, यावर बरेच अवलंबून असते.

मराठवाड्यात या साऱ्याला अंतराचे परिमाण आहे. बीड जिल्ह्यातला शिरूर कासार तालुका घेऊ. कोरडवाहू शेती, वाड्या-वस्त्या, आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे. कल्याण–विशाखापट्टणम महामार्ग याच परिसरातून पाथर्डीहून गढीकडे जातो. हेल्मेटशिवाय मोटारसायकल, आणि हंगामात रात्रीच्या वेळी मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, ही डोक्याच्या दुखापतींची नेहमीची जोडी आहे. जखमी आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात, मग बीडच्या सिव्हिलमध्ये, तिथून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोहोचतो. काहींना नातेवाईक अहिल्यानगरच्या खासगी दवाखान्यात हलवतात. राज्यात जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या. त्यांनी वेळ वाचवला. पण हस्तांतरे तेवढीच राहिली, आणि प्रत्येक हस्तांतरात श्वासमार्गाबद्दलची थोडी माहिती गळते.

हा विषय आत्ता निकडीचा का झाला, याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत महाराष्ट्रातली १५,२२४. जखमींमध्ये कमावत्या वयाचे तरुण मोठ्या संख्येने असतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे पूर्वी खर्चापायी घरी नेले जाणारे अनेक जण आता अतिदक्षता विभागात राहू शकतात. दुसरे कारण कोविड. त्या दोन वर्षांत जिल्हा रुग्णालयांत व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजनची सोय आली. यंत्रे चालवण्याचे शिक्षण घाईने का होईना दिले गेले. यंत्रावर तीन आठवडे राहणाऱ्या रुग्णाच्या गळ्याची निगा राखणारे मनुष्यबळ त्या मानाने वाढले नाही.

नातेवाइकांची बाजूही सुरक्षिततेतच मोडते. ‘गळ्याला भोक पाडायचं’ म्हटले की घरचे हबकतात. आता माणूस हाती लागत नाही, किंवा वाचला तरी कायमचा मुका होणार, असा समज सर्रास आढळतो. संमतीला दोन-चार दिवस जातात. समजावताना नळी पुढे काढता येते, छिद्र बहुधा आपोआप भरते आणि आवाज परततो, हे स्पष्ट सांगितले तर निर्णय लवकर होतो. खरी अडचण रुग्णालयातून सुट्टी मिळते त्या दिवशी येते. सक्शन कसे करायचे, आतली नळी कशी धुवायची, हे वॉर्डात शिकवले जाते ते धावपळ करणाऱ्या भावाला. घरी गेल्यावर तो भाऊ ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला साखर कारखान्यावर निघून जातो आणि रुग्णापाशी उरते म्हातारी आई, जिने सक्शनची नळी कधी हातात धरलेली नाही. शिकवायचे असेल तर पुढचे दोन महिने घरी कोण असणार हे आधी विचारून, त्या माणसाला बोलावून शिकवायला हवे. भारनियमनाच्या गावी विजेवरच्या सक्शन यंत्राच्या जोडीला पायाने चालणारे यंत्र लागते. आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत नळीतला स्राव काही तासांत खपली धरतो. ओल्या गॉजचा पदर किंवा ओलावा धरणारे फिल्टर त्या दिवसांत औषधाइतकेच जरुरीचे.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या टप्प्यांना एकत्र धरण्याचा प्रयत्न करते. त्याचा वाचक म्हणजे जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतील भूलतज्ज्ञ, सर्जन, कान-नाक-घसा तज्ज्ञ, प्रशिक्षणार्थी डॉक्टर, आणि त्यांच्याइतकेच अतिदक्षता विभागातील परिचारिका व ब्रदर. शस्त्रक्रियेची तंत्रे त्यात आहेत, पण कोणत्या उपकरणावर काम भागवायचे याची चर्चा उपलब्धतेच्या अंगाने केली आहे: कॅप्नोग्राफ एकच असेल तर तो कोणाच्या खाटेला, ब्रॉन्कोस्कोप नसेल तर अल्ट्रासाउंडने कोणत्या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय सुई टोचायची नाही, फुग्याचा दाब मोजायचे साधन नसेल तर काय करायचे. खाटेवरचा फलक आणि घरच्यांसाठीची पाने मराठीत दिली आहेत, जशीच्या तशी झेरॉक्स काढून वापरता येतील अशी. कोणत्याही एका पद्धतीचा पुरस्कार पुस्तक करत नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्याशी उभा राहून फक्त श्वसनमार्ग सांभाळणारा वेगळा माणूस असलाच पाहिजे, या एका बाबीवर ते तडजोड करत नाही.

काही विषय हेतुपुरस्सर बाहेर ठेवले आहेत. लहान मुलांची ट्रॅकिओस्टॉमी हा स्वतंत्र अभ्यासाचा भाग आहे. त्यांची श्वासनलिका अरुंद आणि मऊ, नळ्या वेगळ्या आणि धोकेही वेगळे. कर्करोगासाठी स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांचाही इथे एकाच कारणाने उल्लेख येतो: त्यांच्या गळ्यातले छिद्र हाच श्वासाचा एकमेव मार्ग असतो, त्यांना तोंडावाटे ऑक्सिजन दिल्याने काहीच साधत नाही, आणि संकटाच्या क्षणी हा फरक ओळखता यावा म्हणून त्यांच्या खाटेवरचा फलक वेगळ्या रंगाचा ठेवावा लागतो.